चौघींचा चीक

चार दिवसांपूर्वी सकाळी समोरच्या गच्चीवर कुणीतरी प्लॅस्टिकचा कागद अंथरला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि मी खिडकीतून बाजूला झाले. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. समोर भाड्याने आलेलं तरुण जोडपं मला धड ओळखतसुद्धा नाही. तरी मी पडदा ओढला, मग स्वतःचाच राग आला म्हणून पुन्हा उघडला. तोवर त्या मुलीने पातेलं वर आणलं होतं. ती एकटीच होती. हातात सोऱ्या, विटेला टेकवलेला मोबाइल, त्यात बघून बघून कुरडया घालत होती. चीक गार होत चालला असणार, कारण सोऱ्या फिरवताना तिचा खांदा कानापर्यंत जात होता. तिला हाक मारून सांगावंसं वाटलं की बाई, हे एकटीचं काम नाही. पण कुरडयांबद्दल कुणाला काही सांगायचा अधिकार मी सहा वर्षांपूर्वीच घालवून बसले आहे.

नाशिकचा एप्रिल सकाळी सातपर्यंत गोड असतो. नऊला बोलायला लागतो आणि अकराला अंगावर येतो. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत या दिवसांत पूर्वी दोन गोष्टी एकदम यायच्या, वार्षिक परीक्षेचे पेपर आणि वाळवणं. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे दोन्ही माझ्याच घरात यायच्या. जेवणाच्या टेबलावर नववीचे गठ्ठे आणि मागच्या पडवीत पितळी पातेल्यात भिजणारे गहू. लाल शाईचा आणि भिजल्या गव्हाचा वास एकमेकांत मिसळलेला, तो माझ्यासाठी उन्हाळ्याचा वास. अजूनही कुठे नवं लाल पेन उघडलं की मला गहू आठवतात, आणि गहू आठवले की मंदाताई.

आम्ही चौघी होतो. मंदाताई सगळ्यांत मोठ्या, माहेर लासलगावजवळच्या खेड्यातलं, नवरा ओझरला कारखान्यात नोकरीला. उषा सरकारी कचेरीत, बोलायला चुणचुणीत, रडायलाही तितकीच तयार. शैला कमी बोलणारी, शिवणकाम करणारी, डोळा असा की कागदावर ओळीत मांडलेल्या कुरडयांमध्ये एक जरी तिरकी पडली तरी तिला वरच्या पायरीवरून दिसायची. आणि मी. मला सगळ्या मॅडम म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं, हेही आता सांगूनच टाकते.

कामं कुणी वाटून दिली नव्हती, ती आपोआप जिची तिला चिकटली. चौघींच्या घरचे गहू एकत्र करायचे. माझी पडवी सावलीतली, म्हणून गहू भिजवायचे माझ्याकडे. तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसला की पहाटे वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. तिथवर माझं. मग माझ्याच गच्चीवर विटांच्या चुलीवर आधण ठेवायचं, त्यात मीठ घालायचं आणि चीक ओतून दणादण ढवळायचं, हे मंदाताईंचं. त्या ढवळत असताना पातेलं हलू नये म्हणून दोन्ही कान फडक्याने गच्च धरून ठेवायचं, हे पुन्हा माझं. चीक गरम असेतोवर सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या त्या उषाने. आणि वाळत घालणं, उलटणं, कावळे, वारा, मांजर, सगळं शैलाकडे.

आमच्यात एक न बोललेला नियम होता. दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही. मीठ मंदाताई मुठीने घालायच्या आणि आम्ही तिघी तेव्हा दुसरीकडे पाहायचो. गव्हाचं पाणी बदललं का, असं मला कुणी कधी विचारलं नाही. मॅडमकडे गहू आहेत म्हटलं की विषय संपला. चीक शिजला की आधी प्रत्येकीच्या वाटीत एकेक डाव, वर तुपाची धार आणि साखर. चुलीच्या धुराने डोळ्यांत पाणी, बोटं भाजलेली, आणि ती वाटी. बाजारच्या कुठल्याही मिठाईने मला तेवढं सुख दिलेलं नाही.

शाळेत मी परिसंस्था शिकवताना फळ्यावर गवत, टोळ, बेडूक आणि साप काढायची आणि बाणांनी जोडायची. मग बेडूक पुसायची आणि विचारायची, आता काय होईल? मुलं म्हणायची, साप उपाशी मरतील. हुशार मुलं म्हणायची, टोळ वाढतील आणि गवत संपेल. मी खूश होऊन पूर्ण गुण द्यायची. एवढी वर्षं हा प्रश्न विचारला, पण फळ्यावरचा बेडूक मीच पुसत होते, हे कधी मनात आलं नाही.

त्या वर्षी उषाच्या प्राचीचं लग्न होतं. मे महिन्यातली तारीख. रुखवतात मांडायला आणि पंगतीत तळायला कुरडया हव्या होत्या, म्हणून उषाने भावाच्या शेतातला खास गहू आणला. त्याच्या आदल्या वर्षी मंदाताईंचे यजमान गेले होते. कामावरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. नंतर मंदाताई कुठे फारशा जात नसत. लग्नाच्या कामाला हात लावू की नको, असं त्यांनी उषाला विचारलं, तर उषा रडायलाच लागली. “तुम्ही नसाल तर चीक ढवळणार कोण? तुम्ही आलंच पाहिजे,” म्हणाली. मीसुद्धा मोठ्या तोंडाने म्हणाले, “मंदाताई, हे असलं काही आपल्यात चालायचं नाही.” त्याच महिन्यात मी शाळेत मुलांना भोंदू बाबांचे प्रयोग करून दाखवले होते. हळदीच्या कागदावर सोड्याचं पाणी शिंपडलं की कागद लाल होतो, आणि बाबा म्हणतो रक्त निघालं. मुलं टाळ्या वाजवत होती. सोडा माझ्या हाताशीच होता, असं म्हणायचं.

गहू भिजवले त्या आठवड्यात पेपरांचा कहर होता. पहिल्या दिवशी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी निकालाची तारीख अलीकडे आणली आणि मी टेबलाला जी चिकटले ती उठलेच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत गेले तेव्हा पातेल्यावर फेस होता आणि वास आंबूस नव्हता, त्याच्या पुढचा होता. मी गहू धुतले. सात-आठ पाण्यांनी धुतले, हाताची कातडी सुरकुतेपर्यंत धुतले. मग वाटले, गाळले. पहाटे वरचं पाणी ओतलं, तर खाली चीक पांढरा नव्हता, मळकट होता, आणि वास तिथेच होता.

तेव्हा उषाकडे जाऊन सांगायला हवं होतं की माझ्या हातून चूक झाली, गहू बिघडले. ती रडली असती, मी तिला दुसरे गहू आणून दिले असते, चार दिवस उशीर झाला असता. जगात एवढंच झालं असतं. पण मॅडमचं काम चोख असतं ना. मॅडम चुकत नाहीत, मॅडम इतरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढतात. मी स्वयंपाकघरात गेले आणि विज्ञान वापरलं. आंबटपणा मारायला चिकात दोन चमचे खाण्याचा सोडा घातला. वास बराचसा गेला. मी स्वतःवर खूश झाले, ही सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट.

गच्चीवर चूल पेटली. मंदाताईंनी पदर खोचला, आधणात मीठ टाकलं, मी पातेल्याचे कान धरले. चीक आधणात पडला, वाफ वर आली, आणि मंदाताईंचा दांडा क्षणभर थांबला. एवढाच, एक श्वास घेण्याइतका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींमध्ये हातभर अंतर आणि ती वाफ. मी पातेल्याकडे पाहिलं. “धरा नीट, मॅडम,” त्या म्हणाल्या आणि ढवळायला लागल्या.

उषाने वाट्या आणल्या होत्या. मंदाताई म्हणाल्या, “आज वाट्या ठेवा बाजूला. लग्नाचं काम हाय, कमी पडायला नको. आपण काय, पुढच्या वर्षी खाऊ.” उषाला ते पटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. नशीब चांगलं, असं मी मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

दोन दिवसांत कुरडया पिवळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी तांबूस झाल्या आणि शैला उचलायला गेली तर तिच्या बोटांत त्यांचा चुरा झाला. शैला उरलेल्या तशाच अलगद गोळा करत राहिली. त्या आम्ही उषाच्या घरी नेल्या. तिथे तिची मोठी नणंद लग्नाच्या तयारीसाठी गावाहून आली होती. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काने एक कुरडई तेलात सोडली. ती फुलली नाही, तेलभर पसरली, काळी पडली. एक तुकडा चाखून अक्काने थुंकला. मग सावकाश हात पुसत विचारलं, “लग्नाच्या कामाला हात कोणाचा लावला होता तुम्ही?”

मंदाताई दाराशी सोऱ्याच्या जाळीत अडकलेला वाळका चीक काडीने काढत बसल्या होत्या.

“लय शिकल्या-सवरल्या तुम्ही,” अक्का म्हणाली, “पण काही गोष्टी पाळाव्या लागतात. मी कोणाचं नाव नाय घेत.”

उषाचं तोंड उतरलं. “तसं काही नसतं, अक्का,” ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. मुलीच्या लग्नाचं घर, आईचं मन, कुठे कसली पाल चुकचुकेल सांगता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात विज्ञान शिकलेली मी एकटी होते. “मॅडम, तसं काही नसतं ना?”

तिने अगदी साधा प्रश्न विचारला होता. मी वर्गात हजार वेळा त्याचं उत्तर दिलं होतं. पण ‘नसतं’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग कशाने झालं? आणि त्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पडवीत होतं. मी म्हणाले, “आता झालं ते झालं. बाजारातून चांगल्या आणू. मी आणते.”

मंदाताईंनी काडी खाली ठेवली. जाळी स्वच्छ झाली होती. त्यांनी सोऱ्या धुतला, फडक्यावर पालथा घातला आणि “येते गं उषा” म्हणून गेल्या. चपला घालताना त्यांनी एकदा मागे पाहिलं, माझ्याकडेच. मी तेलाकडे पाहत होते.

कुरडया मी आणल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, रुखवतात शोभल्या. लग्नात मंदाताई आल्या, पण हळदीला नाही, घाणा भरायला नाही, अक्षता टाकायलाही मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी. नंतर प्राचीच्या बाळाच्या बारशाला त्यांना बोलावणं गेलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. उषा दुष्ट नव्हती, आजही नाही. ती फक्त घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याकडे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघींनी पुन्हा घाट घातला. मंदाताईंना बोलवायला कुणी गेलं नाही. प्रत्येकीला वाटलं दुसरी जाईल, किंवा वाटलं की दुसरीला नको असेल. त्या वर्षी मी पाणी दिवसातून दोनदा बदललं. उषाने मला फोन करून विचारलं, “मॅडम, पाणी बदललंत ना?” सहज विचारलं असेल. फोन ठेवून मी पुन्हा पडवीत जाऊन पातेलं हुंगून आले. आधणात उषाने मीठ घातलं. मला ते कमी वाटलं म्हणून मी घातलं. शैलाने कुणालाच न सांगता आणखी चिमूटभर घातलं. पातेलं धरायला मी होते, पण ढवळायला तो हात नव्हता. आळीपाळीने ढवळलं, गुठळ्या झाल्या, सोऱ्याची जाळी तुंबली. तळल्यावर त्या कुरडया जिभेवर ठेववेनात. मंदाताई मुठीने मीठ घालायच्या तेव्हा आम्ही तिकडे पाहत नव्हतो, तेच आमचं सगळं बळ होतं, हे तेव्हा कळलं. एकमेकींकडे पाठ करता येत होती म्हणून आम्ही चौघी होतो. त्यानंतर प्रत्येकजणी दुसरीच्या हातांकडे बघायला लागली आणि दोन उन्हाळ्यांत सगळं थंडावलं. उषा तयार कुरडया आणते. शैला मुलाकडे पुण्याला असते. माझ्या गच्चीवर आता सोलरचे पत्रे आहेत, चूल मांडायची म्हटली तरी जागा नाही.

गल्लीतले लोक अजून कधी कधी म्हणतात, किती छान ग्रुप होता तुमचा, काय झालं? मी म्हणते, वेळ कुणाला आहे आता. हे वाक्य मी इतक्या सफाईने म्हणते की म्हणताना मला काही होत नाही.

समोरची ती मुलगी पाहिली त्याच दिवशी संध्याकाळी मी मंदाताईंकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे, चालत चार मिनिटं. सहा वर्षांत मी ती चार मिनिटं चालले नव्हते. भाजीवाल्याकडे भेट व्हायची, “बरंय ना?” व्हायचं. त्या अंगणात लसूण सोलत होत्या. हात तेच, जाड मनगटांचे, फक्त आता थोडे थरथरतात. मी पाटावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. पेपर, फेस, सात पाणी, सोडा. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा लागला होता, त्याची वेगळी लाज वाटली.

मंदाताई लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला माहीत हाय. चीक आधणात पडला तेव्हाच वास आला. सोड्याचाबी आला.”

“मग वाट्या...”

“खाल्ल्या असत्या तर तिथंच समजलं असतं सगळ्यांना. वाटलं, वाळल्यावर जमेल. नाय जमलं तर मॅडम सांगतील.”

“तुम्ही का नाही बोललात? त्या दिवशी, अक्कासमोर?”

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. “मी बोलून काय झालं असतं? माझ्यावर आलेलं मीच झटकतेय असं दिसलं असतं. तुम्ही बोलणार म्हणून मी थांबले होते. चपला घालताना पण थांबले.”

मी माफी मागितली. माफीचे शब्द फार छोटे असतात, तोंडातून निघेपर्यंत संपतात.

“सुनेच्या डोहाळजेवणाला मी आत स्वयंपाकघरात बसले,” मंदाताई म्हणाल्या. “तिनं नाय सांगितलं मला, ती चांगली हाय. मीच बसले. म्हटलं, माहीत असून काय उपयोग, लोकांच्या मनात काय बसलंय ते बसलंय. बाहेर ओटी भरत होत्या तिची. गाणी ऐकू येत होती.”

पाकळ्यांची फोलपटं वाऱ्याने माझ्या पायाशी येत होती. मी ती उगाच गोळा करत बसले. मी उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, “गहू भिजवलेत का या वर्षी?”

“नाही. आता कोण करतंय.”

“भिजवा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे गच्ची मोकळी हाय. मी ढवळीन जमेल तेवढं, तुम्ही भांडं धरा. पण आधी उषाला सांगा. मला सांगून काय करता, मला तर माहीतच होतं.”

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. घरी येताना पाय हलके होते, तेही खोटंच, कारण अजून काही केलेलं नव्हतं.

आज चार दिवस झाले. उषाचं घर माझ्या घरापासून तिसरं. प्राची मुलाला घेऊन सुट्टीला आली आहे, त्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. पहिल्या दिवशी गेले तर पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी उषाच बाहेर भेटली, “मॅडम, या ना चहाला,” म्हणाली, आणि मी म्हणाले, येते नंतर, दूध तापत ठेवलंय. दूध नव्हतं ठेवलेलं. काल गेलेच नाही, हे लिहायला बसले. तुम्हा अनोळखी लोकांना मी हे सगळं सांगितलं, पानंच्या पानं, सोड्याच्या चमच्यांसकट, आणि तीन घरं पलीकडे एक वाक्य नेववत नाही.

पडवीत पितळी पातेलं घासून ठेवलं आहे. गहू आणले, निवडले, दोनदा पाखडले. खडा सापडत नाही तरी रोज सकाळी पुन्हा चाळून बघते. अजून कोरडेच आहेत.